वॉट विचारण्याआधी पॅनल ओळखा

प्लॅनर स्पीकर, म्हणजे पेटीऐवजी उभ्या सपाट पॅनलचे स्पीकर, घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: याला किती वॉटचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) लागेल? मीही तोच विचारला होता. त्याला सरळ उत्तर नाही. माणसाएवढ्या उंचीचे, दिसायला जुळे वाटावेत असे दोन पॅनल अ‍ॅम्पच्या बाजूने पाहिले तर इतके निराळे असू शकतात, की एकावर मजेत चालणारा अ‍ॅम्प दुसऱ्यावर थोड्याच वेळात तापून बंद पडतो. म्हणून वॉटचा आकडा नंतर. समोरचा पॅनल कोणत्या जातीचा आहे आणि तो अ‍ॅम्पकडे नेमकं काय मागतो, हे आधी कळायला हवं. ते कळलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

तीन घराणी

नेहमीच्या स्पीकरमध्ये शंकूच्या आकाराचा पडदा, त्याच्या बुडाशी तारेचं वेटोळं, मागे लोहचुंबक आणि हे सगळं धरून ठेवणारी पेटी असते. प्लॅनरमध्ये पेटीच नसते. केसाहून पातळ असा मोठा पडदा चौकटीत ताणून बसवलेला असतो आणि तो सबंध हलतो. आवाज जितका पुढे जातो तितकाच मागेही जातो. हा पडदा कशाच्या जोरावर हलवायचा, यावरून तीन घराणी पडली आहेत.

पहिलं मॅग्नेटिक प्लॅनरचं. पडद्यावर बारीक तार किंवा धातूच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि शेजारी लोहचुंबकांच्या रांगा. तारेतून करंट गेला की पडदा पुढेमागे होतो. हा प्रकार म्हटला की मॅग्नेपॅनचं नाव निघतंच. ३एममध्ये इंजिनिअर असलेल्या जिम वायनी यांनी ती कंपनी १९६९ मध्ये अमेरिकेत काढली.

दुसरं रिबनचं. इथे पडदा वेगळा आणि तार वेगळी असं नसतं. धातूची पातळ पट्टीच पडदा आणि तीच तार. १९८१ मध्ये सुरू झालेल्या अपोजी या कंपनीने या तत्त्वावर खर्जापासून वरपर्यंत वाजणारे अवाढव्य स्पीकर बनवले.

तिसरं इलेक्ट्रोस्टॅटिक. यात चुंबक नाही आणि पडद्यावर तारही नाही. पडद्यावर वीज जेमतेम वाहील असा लेप असतो आणि त्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर भार ठेवलेला असतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना छिद्रं असलेल्या धातूच्या जाळ्या. अ‍ॅम्पचा सिग्नल एका ट्रान्सफॉर्मरमधून कित्येक पटींनी वाढून या जाळ्यांवर जातो आणि पडदा कधी या जाळीकडे, कधी त्या जाळीकडे खेचला जातो. क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांच्या क्वाड ईएसएल स्पीकरने १९५७ मध्ये हा प्रकार घरोघरच्या श्रोत्यांपर्यंत नेला.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो वारंवार कानावर येतो. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरला भिंतीतल्या सॉकेटची वायर लागते, म्हणून त्याला अ‍ॅम्प लागत नाही असं काहींना वाटतं. ती वायर फक्त पडद्यावरचा भार टिकवण्यासाठी असते. पॅनल हलवण्याचं काम अ‍ॅम्पनेच करायचं असतं. काही हायब्रिड मॉडेलांमध्ये खाली शंकूचा वूफर (खर्जाचा स्पीकर) असतो आणि त्याच्यापुरता अ‍ॅम्प आतच बसवलेला असतो, पण तिथेही वरच्या पॅनलची जबाबदारी तुमच्याच अ‍ॅम्पवर राहते.

मॅग्नेटिक पॅनल: स्वभाव सरळ, भूक मोठी

अ‍ॅम्पला स्पीकर किती अडवतो, याचं माप म्हणजे इम्पीडन्स, आणि ते ओहममध्ये मोजतात. आकडा जितका लहान तितका त्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढला जातो. पेटीवाल्या स्पीकरचा इम्पीडन्स स्वरागणिक बदलतो: एका ठिकाणी ४, दुसऱ्या ठिकाणी ३०. मॅग्नेटिक पॅनल म्हणजे मुळात एक लांबलचक तार. त्याचा इम्पीडन्स खालपासून वरपर्यंत जवळजवळ एकसारखा, बहुतेकदा ४ ओहमच्या आसपास राहतो. अ‍ॅम्पला गोंधळात टाकणारं त्यात फारसं काही नसतं.

अडचण वेगळीच आहे. हा पॅनल वीज भरपूर खातो आणि आवाज कमी देतो. त्यातही माहितीपत्रकातला आकडा नीट वाचला नाही तर फसगत होते. मॅग्नेपॅनच्या अनेक मॉडेलांपुढे ‘८६ डेसिबल, २.८३ व्होल्ट’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले तर १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज. २.८३ व्होल्ट ८ ओहमवर म्हणजे १ वॉट. पण हा स्पीकर ४ ओहमचा आहे, म्हणून तेवढ्याच व्होल्टेजला तो २ वॉट घेतो. दुप्पट वॉट म्हणजे ३ डेसिबल. म्हणजे १ वॉटला त्याचा खरा आवाज ८३ डेसिबलच.

आता हिशेब मांडू. समजा तुम्ही ३ मीटरवर बसता. उंच पॅनलचा आवाज अंतराबरोबर छोट्या स्पीकरच्या मानाने हळू उतरतो, म्हणून १ मीटरपासून खुर्चीपर्यंत ६ डेसिबल घट धरू. दोन स्पीकर आहेत म्हणून ३ मिळवू. म्हणजे प्रत्येकी २ वॉट दिले तर खुर्चीवर ८३ डेसिबल. मनासारखं ऐकायला सरासरी ८० डेसिबल पुरतात, म्हणजे प्रत्येकी फक्त १ वॉट! इथे बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात आणि चुकतात. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलाचा एखादा ठोका किंवा पियानोवरचा जोरकस आघात सरासरीच्या २० डेसिबल वर जातो. दर १० डेसिबलला वॉट दहापट, म्हणून २० डेसिबलला शंभरपट. म्हणजे त्या क्षणापुरते प्रत्येकी १०० वॉट. मोठी खोली आणि मोठ्याने ऐकायची सवय धरली तर २००. हे वॉट ४ ओहमवरचे, हे विसरायचं नाही.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. १०० वॉट आणि १२० वॉट यांतलं अंतर एका डेसिबलपेक्षाही कमी आहे. तेवढ्यासाठी वरचं मॉडेल घ्यायचं कारण नाही. झेप घ्यायचीच तर दुपटीची घ्यावी.

दुपटीची कसोटी

अ‍ॅम्पच्या कागदावर दोन आकडे शोधा: ८ ओहमला किती वॉट आणि ४ ओहमला किती. ८ ओहमला १०० असतील तर ४ ओहमला २०० असायला हवेत, निदान १७०-१८० तरी. व्होल्टेज तेच राहिलं आणि ओहम निम्मे झाले तर करंट दुप्पट जायला हवा, इतका साधा नियम आहे. जो अ‍ॅम्प तेवढा करंट देऊ शकत नाही त्याचा ४ ओहमचा आकडा तोकडा पडतो किंवा छापलेलाच नसतो. न छापलेला आकडा हेही उत्तरच समजावं.

हा करंट येतो कुठून? पॉवर सप्लायमधून. मोठा ट्रान्सफॉर्मर, वीज साठवणारे भरपूर कपॅसिटर, पुरेसे आउटपुट ट्रान्झिस्टर आणि त्यांची उष्णता वाहून नेणारं जाड हीटसिंक. ४ ओहमला २०० वॉट म्हणजे क्षणिक १० अँपिअर. चांगले अ‍ॅम्प जड असतात ते यामुळे, आणि पॅनलसाठी अ‍ॅम्प उचलून बघण्याचा जुना सल्ला मला अजूनही पटतो. क्लास डी अ‍ॅम्पना, म्हणजे ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून चालणाऱ्या अ‍ॅम्पना, मात्र तो लागू नाही, ते हलके असूनही करंट देतात.

माझा पहिला मॅग्नेटिक पॅनल एका होम थिएटर रिसीव्हरवर वाजायचा. कागदावर १०० वॉट होते. हळू आवाजात सगळं छान, पण ऑर्केस्ट्रा चढू लागला की आवाज आधी चपटा व्हायचा आणि मग खट्ट करून रिसीव्हर बंद. मी पॅनल बिघडला समजलो. सेटिंगमध्ये ‘४ ओहम’ असा पर्याय सापडला, तो चालू केला आणि बंद पडणं थांबलं. पुढे कळलं की तो पर्याय बहुधा आतलं व्होल्टेजच उतरवतो, म्हणजे अ‍ॅम्प थंड राहतो आणि मुळातच कमी असलेली ताकद आणखी कमी होते. ते १०० वॉट ८ ओहमला, आणि तेही दोनच चॅनल चालू असताना मोजलेले होते.

त्यावरचा आणखी एक चुकीचा उपाय म्हणजे ब्रिज करणं. दोन चॅनल एकत्र जोडून एक दांडगा अ‍ॅम्प करतात तेव्हा प्रत्येक चॅनलला स्पीकरचा निम्माच इम्पीडन्स दिसतो. ४ ओहमचा पॅनल २ ओहमचा होतो. ज्याला करंट पुरत नाही त्याच्याकडे दुप्पट करंट मागण्यासारखं आहे हे. अ‍ॅम्प २ ओहमला समर्थ असल्याचं निर्मात्याने स्पष्ट लिहिलं असेल तरच या वाटेला जावं.

क्लास ए अ‍ॅम्पबद्दल, म्हणजे ज्याच्या ट्रान्झिस्टरमधून करंट सतत वाहता ठेवलेला असतो अशा अ‍ॅम्पबद्दल, एक बारकावा. ८ ओहमला २५ वॉट क्लास ए देणारा अ‍ॅम्प ४ ओहमवर क्लास एमध्ये साडेबारा वॉटच देतो, कारण आत सतत वाहता ठेवलेला करंट तेवढाच असतो. त्यापुढे तो क्लास एबीमध्ये जातो, म्हणजे त्याचे ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करू लागतात. यात वाईट काही नाही, पण क्लास एच्या सुरेलपणासाठी पैसे मोजणार असाल तर आकडा ४ ओहमचा विचारा.

रिबनच्या घराण्यात हीच भूक टोकाला जाते. अपोजीचा सिंटिला हा स्पीकर १ ओहमचा होता. ४ ओहमला २०० वॉट देणारं व्होल्टेज त्याच्यावर लावलं तर ८०० वॉट आणि क्षणिक ४० अँपिअर लागतील. तो चालवू शकणारे अ‍ॅम्प मोजकेच होते, आणि क्रेल या कंपनीचे सुरुवातीचे अ‍ॅम्प नावारूपाला आले त्यात या स्पीकरचा मोठा वाटा आहे. असा जुना स्पीकर हाती आला तर अ‍ॅम्पबरोबर वायरचाही हिशेब करा. अडीच चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम होतो. ४ ओहमच्या पॅनलवर त्याने काही बिघडत नाही. १ ओहमवर मात्र अर्ध्या डेसिबलहून थोडा जास्त आवाज वायरीतच राहतो.

इलेक्ट्रोस्टॅटिक: इथे प्रश्नच बदलतो

दोन जाळ्या आणि मधला पडदा मिळून एक कपॅसिटर होतो. कपॅसिटरचा इम्पीडन्स स्वर जसा वर जातो तसा उतरतो: वारंवारता दुप्पट, इम्पीडन्स निम्मा. त्यात मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे. तो व्होल्टेज जितक्या पटींनी वाढवतो, त्याच्या वर्गाच्या पटीने अ‍ॅम्पला कपॅसिटर मोठा दिसतो.

एक कल्पित पॅनल घेऊ. धारिता (कपॅसिटरची वीज साठवण्याची क्षमता) १ नॅनोफॅरड, ट्रान्सफॉर्मर ७५ पटींचा. ७५ चा वर्ग ५६२५, म्हणजे अ‍ॅम्पसमोर सुमारे ५.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उभा. १ किलोहर्ट्झला त्याचा इम्पीडन्स २८ ओहम, १० किलोहर्ट्झला २.८ आणि २० किलोहर्ट्झला १.४. स्पीकरच्या पाठीवर ‘४ ओहम’ किंवा ‘८ ओहम’ लिहिलेलं असतं ते या उताराची कशीबशी केलेली सरासरी. मार्टिनलोगन या इलेक्ट्रोस्टॅटिक बनवणाऱ्या कंपनीच्या काही मॉडेलांत तर वरच्या टोकाला तो १ ओहमच्याही खाली जातो आणि कंपनी तसं छापतेही.

हे वाचून घाबरायला होतं, पण संगीताची बहुतेक ताकद खालच्या आणि मधल्या स्वरांत असते. १० किलोहर्ट्झच्या वर फार थोडी उरते. त्यामुळे १ ओहमवर शेकडो वॉट द्यायची वेळ येत नाही. खरी अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली, व्होल्टेज आणि करंट यांची चुकामूक. झोका आठवा. झोका टोकाला पोहोचतो तेव्हा क्षणभर थांबलेला असतो आणि मध्यातून जाताना सगळ्यात वेगात असतो. झोक्याची जागा म्हणजे व्होल्टेज आणि त्याचा वेग म्हणजे करंट असं धरलं, की कपॅसिटरचं वागणं तंतोतंत तसंच. व्होल्टेज शून्यातून जात असतं तेव्हा करंट सगळ्यात जास्त. त्या क्षणी अ‍ॅम्पच्या ट्रान्झिस्टरवर व्होल्टेजही मोठं आणि करंटही मोठा. सगळी उष्णता ट्रान्झिस्टरमध्येच जिरते, स्पीकरमध्ये नाही. भित्र्या संरक्षण सर्किटचा अ‍ॅम्प इथे उगाचच हात आखडता घेतो आणि चढ्या आवाजात करकर येते.

दुसरी, स्थिरता. बहुतेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आपलाच आउटपुट पुन्हा तपासून चूक सुधारत असतात, त्याला फीडबॅक म्हणतात. कपॅसिटर समोर आला की ही तपासणी उशिरा पोहोचते. गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला तर सूर सावरायला जाऊन तो आणखी भरकटतो, तसं होतं. अ‍ॅम्प कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर थरथरू लागतो, कारण नसताना तापतो, कधी जळतोही. म्हणून इलेक्ट्रोस्टॅटिकसाठी निर्मात्याला विचारायचा पहिला प्रश्न वॉटचा नाही: कपॅसिटिव्ह लोडवर (कपॅसिटरसारख्या स्पीकरवर) हा अ‍ॅम्प स्थिर राहतो का? याच कारणाने, ज्यांची स्वतःचीच धारिता खूप मोठी असते अशा गुंफलेल्या खास स्पीकर-वायरी इथे टाळलेल्या बऱ्या.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे) आणि इलेक्ट्रोस्टॅटिक यांची जोडी फार प्रिय आहे, आणि मला स्वतःला मानवी आवाजासाठी ती आवडते. पण त्यामागचं एक कारण समजून घ्यावं. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स १-२ ओहम असू शकतो. वरच्या कल्पित पॅनलवर १ ओहमचा अ‍ॅम्प २० किलोहर्ट्झला पावणेदोन डेसिबल गमावतो, २ ओहमचा जवळजवळ ५. म्हणजे ज्याला आपण ‘ऊबदार’ म्हणतो त्यातला काही भाग वरच्या स्वरांची ही उतरण असते. खोली चकचकीत असेल तर ती हवीशीही वाटेल. नको असेल तर अ‍ॅम्पच्या मागचा ४ ओहमचा टॅप (स्पीकर जोडायची वेगळी जागा) वापरा, त्याचा आउटपुट इम्पीडन्स ८ ओहमच्या टॅपहून कमी असतो.

क्लास डी अ‍ॅम्पच्या बाबतीत पिढी बघा. त्यांच्या आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरची गाळणी असते. जुन्या रचनांत फीडबॅक या गाळणीच्या आधी घेतलेला असे, त्यामुळे स्पीकर बदलला की वरच्या स्वरांचा तोल बदले. अ‍ॅम्प-रचनाकार ब्रूनो पुट्झीस यांच्या हायपेक्स एनकोर आणि नंतरच्या प्युरिफाय रचनांत तो गाळणीनंतर घेतला जातो. मॅग्नेटिक पॅनलवर असे अ‍ॅम्प मी निःशंक सुचवतो. पूर्ण इलेक्ट्रोस्टॅटिकवर मात्र निर्मात्याकडून होकार घेतल्याशिवाय नाही.

जास्त ताकद म्हणजे सुरक्षितता, हा नियमही इथे उलटतो. मूळ क्वाड ईएसएल १५ वॉटच्या क्वाड २ व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या जोडीने वाढला. पुढे लोकांनी त्याला दांडगे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प जोडले आणि व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्यावर पॅनलमध्ये ठिणग्या पडून पडदे जळाले. १९८१ मध्ये आलेल्या ईएसएल-६३ मध्ये संरक्षण घातलं. धोका जाणवला की ते स्पीकरचा इनपुटच शॉर्ट करतं. स्पीकर वाचतो, पण अ‍ॅम्पला तो शॉर्ट सोसता यायला हवा. जुना इलेक्ट्रोस्टॅटिक घेताना त्याची व्होल्टेजची कमाल मर्यादा माहीत करून घ्या आणि अ‍ॅम्प त्या मर्यादेत निवडा.

घरी आणून ऐकताना

खर्जाला एक आणि वरच्या स्वरांना दुसरा असे दोन अ‍ॅम्प लावून बाय-अ‍ॅम्पिंग करण्याचा मोह नवख्यांना फार असतो. स्पीकरमधला क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारं सर्किट) तसाच ठेवून केलेल्या बाय-अ‍ॅम्पिंगमधून फारसं हाती लागत नाही. तोच खर्च एका चांगल्या अ‍ॅम्पवर करावा. क्रॉसओव्हर अ‍ॅम्पच्या आधी आणून केलेली सक्रिय रचना खरोखर वेगळी असते, पण तो मोजमाप आणि मेहनतीचा मार्ग आहे. सबवूफर जोडून पॅनलला खोल खर्जातून मोकळं करणं हा त्यापेक्षा सोपा उपाय. खर्ज काढून घेतला की पॅनल आणि अ‍ॅम्प दोघांवरचा ताण लक्षणीय उतरतो.

अ‍ॅम्पला दोष देण्यापूर्वी पॅनल भिंतीपासून पुढे ओढा. मागे जाणारा आवाज भिंतीवरून परत येऊन पुढच्या आवाजात मिसळतो. एक मीटरच्या आत ठेवलेला पॅनल कोणत्याही अ‍ॅम्पवर गढूळ वाटू शकतो. वरचे स्वर टोचत असतील तर मॅग्नेपॅनच्या अनेक मॉडेलांत ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणाऱ्या भागाला) मालिकेत रोध लावायची सोय असते, ती आधी वापरून पाहा. आणि एका बाजूचा ट्वीटर अचानक गप्प झाला तर प्रथम मागचा फ्यूज तपासा.

शक्य असेल तर अ‍ॅम्प काही दिवसांसाठी घरी आणा. जुना आणि नवा यांचा आवाज मीटर लावून एकसारखा करा, कारण एका डेसिबलने मोठा असलेला अ‍ॅम्प कानाला नेहमी चांगला वाटतो. फोनवरचं अ‍ॅपही या कामापुरतं चालतं. मग तुमच्या संग्रहातलं सगळ्यात चढउताराचं रेकॉर्डिंग निवडा आणि तुम्ही प्रत्यक्षात ऐकता त्यापेक्षा थोड्या मोठ्या आवाजात अर्धा-पाऊण तास सलग लावा. चढत्या जागी वाद्यं एकमेकांत चिकटतात का, बघा. संपल्यावर अ‍ॅम्पच्या हीटसिंकवर हात ठेवून बघा. इलेक्ट्रोस्टॅटिक असेल तर काहीही वाजत नसताना, नुसता जोडलेला असतानाही ठेवा. क्लास ए नसलेला अ‍ॅम्प मुका असताना चटका देत असेल तर तो थरथरत असण्याची शक्यता आहे, त्याच दिवशी परत करा. सगळं ठीक वाटलं तर तीन दिवस नवा ऐकून चौथ्या दिवशी पुन्हा जुना लावा. नव्याचे गुण नवा लावताना जितके कळत नाहीत तितके जुन्याकडे परतल्यावर कळतात.